लवणता आणि मुळांचे पोषकद्रव्य-शोषण

लवणता आणि मुळांचे पोषकद्रव्य-शोषण : मातीतील पाण्यात विरघळलेल्या लवणांचे प्रमाण विशिष्ट मर्यादेपलीकडे गेले असता वनस्पतींच्या मुळांना पाणी व पोषकद्रव्ये घेण्यात अडथळे येतात. त्या अडथळ्यांचे स्वरूप व कारणे यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. येथे ‘लवण’ ही संज्ञा केवळ खाण्याच्या मिठापुरती (सोडियम क्लोराइडापुरती) मर्यादित नसून तीत सोडियम, कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या क्लोराइडे, सल्फेटे, कार्बोनेटे व बायकार्बोनेटे या सर्वांचा समावेश होतो. बहुतेक पिकांना यांपैकी सोडियमापासून सर्वाधिक अपाय होतो. द्राक्ष व लिंबूवर्गीय फळझाडे यांना मात्र क्लोराइड अधिक बाधते.

खाऱ्या जमिनीतील पीक पाणी असूनही तहानेने मरते, असे सामान्यतः समजले जाते. हे स्पष्टीकरण खरे असले, तरी अपुरे आहे. लवणांमुळे पीक तहानेलेले राहते तसेच ते उपाशीही राहते आणि तेही पोषकद्रव्ये मातीत विपुल असताना. विदर्भातील काळ्या जमिनींत पिकास उपलब्ध होणारे पोटॅशियम (पालाश) सर्वसाधारणपणे पुरेसे असते. तरीही सोडियमाचे प्रमाण अधिक असलेल्या शेतांतील पिकांच्या पानांत ते कमी भरू शकते. कॅल्शियमाच्या बाबतीत हा विरोधाभास आणखी ठळक आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यातील मुकुटबनच्या परिसरात पैनगंगा खोऱ्यातील चुनखडक आहे आणि त्यावर तेथे सिमेंट उद्योग उभा राहिला आहे. तेथील जमिनीखाली कॅल्शियमाचे जणू भांडारच आहे. त्याच विदर्भाच्या पश्चिम भागात, पूर्णा नदीच्या खोऱ्यातील मातीतही चुनखडीचे खडे सर्वत्र आढळतात. पण तेथील पिकांच्या मुळांना कॅल्शियम अपुरे पडते. मातीत कॅल्शियम असणे आणि मुळांना ते मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांतील फरक समजला म्हणजे या विषयाचा बराचसा उलगडा होतो.

खारवट व चोपण जमिनी : व्यवहारात हे दोन्ही शब्द सैलपणे वापरले जातात आणि त्यामुळे उपाययोजनेत चुका होतात. संपृक्त मातीच्या अर्काची विद्युत् संवाहकता २५° से. तापमानास ४ डेसिसिमेन्स प्रतिमीटर (पूर्वीच्या परिभाषेत ४ मिलिमोज प्रतिसेंमी.) यापेक्षा जास्त असल्यास जमीन खारवट समजतात. चिकणमातीच्या कणांना चिकटलेल्या विनिमयक्षम धनायनांपैकी (धन विद्युत् भारित कणांपैकी) सोडियमाचा वाटा १५ टक्क्यांहून अधिक असल्यास जमीन चोपण होय. अशा जमिनीचे पीएच मूल्य बहुधा ८.५ च्या पुढे असते. या मर्यादा अमेरिकेतील रिव्हरसाइड येथील लवणता प्रयोगशाळेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हस्तपुस्तिकेमुळे सर्वत्र रूढ झाल्या. खारवट जमिनीत दोष मातीतील पाण्यात असतो. चोपण जमिनीत तो मातीच्या कणांवर असतो. पहिला दोष पाण्याने धुऊन जातो, दुसरा केवळ पाण्याने जात नाही.

मुळातील मार्ग : मुळाच्या टोकामागील भागावर असलेल्या मूलरोमांतून व बाह्य कोशिकांतून (पेशींतून) पाणी व त्यातील आयन (विद्युत् भारित अणू वा अणुगट) आत येतात. कोशिकाभित्ती सच्छिद्र असल्यामुळे मध्यत्वचेपर्यंत आयन भित्तींमधूनच, कोणत्याही कोशिकेत न शिरता, जाऊ शकतात. त्यापुढील अंतस्त्वचेच्या कोशिकांभोवती मात्र मेणासारख्या द्रव्याची पट्टी असते. तेथे ही मोकळी वाट संपते आणि प्रत्येक आयनाला एखाद्या कोशिकेचे पटल ओलांडूनच प्रकाष्ठात (पाणी वर नेणाऱ्या ऊतकात) प्रवेश मिळतो. कोणाला आत घ्यावयाचे व कोणाला नाही, याचा निर्णय या पटलांवर होतो.

पटल हे स्निग्ध द्रव्याचे असल्याने आयनांना ते स्वभावतः अभेद्य असते. त्यातील प्रथिनांचे मार्ग व वाहक हीच त्याची दारे होत. पटलातील एक प्रथिन श्वसनातून मिळालेली ऊर्जा खर्च करून हायड्रोजन आयन सतत बाहेर टाकीत असते. त्यामुळे कोशिकेचा अंतर्भाग बाहेरच्या तुलनेने सु. १२० ते १८० मिलिव्होल्ट ऋण राहतो. या विद्युत् दाबामुळे धनायन आत ओढले जातात. दाब १२० मिलिव्होल्ट असल्यास एकसंयुजी धनायनाची आतील संहती ऊर्जा न खर्चता बाहेरच्या सु. शंभरपट होऊ शकते. पोटॅशियमाच्या दृष्टीने ही सोय आहे; सोडियमाच्या दृष्टीने हेच संकट ठरते. सोडियमाला आत येण्यास ऊर्जा लागत नाही. त्याला बाहेर काढण्यास मात्र ती लागते.

सोडियम आणि पोटॅशियम : कोशिकाद्रव्यात पोटॅशियमाची संहती लिटरला सु. १०० मिलिमोल असते. पन्नासांहून अधिक एंझाइमे कार्यक्षम राहण्यास व प्रथिननिर्मिती चालू राहण्यास ते आवश्यक असते. सोडियम हे त्याचे आवर्त सारणीतील सख्खे शेजारी होय, दोघांवरील विद्युत् भार सारखाच असून निर्जल आयनांच्या त्रिज्यांत (सोडियम ०.१०२ व पोटॅशियम ०.१३८ नॅनोमीटर) फार अंतर नाही. त्यामुळे पोटॅशियमासाठी असलेल्या काही मार्गांनी सोडियमही आत शिरते. परंतु आत गेल्यावर एंझाइमांच्या ठिकाणी पोटॅशियमाचे काम ते करू शकत नाही. जागा अडते व काम खोळंबते.

एमान्युएल एप्स्टाइन व सी. ई. हेगन यांनी १९५२ मध्ये सातूच्या तोडलेल्या मुळांवर प्रयोग करून आयनांचे शोषण हे एंझाइम-विक्रियेप्रमाणे वाहकांच्या द्वारे होते व समान गुणधर्मांचे आयन एकाच वाहकासाठी स्पर्धा करतात, असे दाखविले. पुढील संशोधनात या शोषणाचे दोन प्रकार स्पष्ट झाले. बाहेर पोटॅशियम अत्यल्प असताना काम करणारी यंत्रणा त्याला अचूक ओळखते आणि सोडियमाने सहसा फसत नाही. संहती वाढल्यावर कामी येणारी दुसरी यंत्रणा तितकी चोखंदळ नसते. खाऱ्या मातीत सोडियमाची संख्याच प्रचंड असते. समुद्राच्या पाण्यात पोटॅशियमाच्या एका आयनामागे सोडियमाचे सु. ४६ आयन असतात. एवढ्या गर्दीत दारावरील निवड थोडी जरी ढिली पडली, तरी परिणाम मोठा होतो.

याखेरीज आणखी एक हानी घडते व तिच्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. सोडियमाचा लोंढा आत आल्याने पटलावरील विद्युत् दाब उतरतो आणि त्यासरशी बाहेर उघडणारे पोटॅशियमाचे मार्ग मोकळे होऊन आधी साठविलेले पोटॅशियम मुळातून पाझरून जाते. म्हणजे नवी आवक घटते व जुनी शिल्लकही गळते. सातूच्या निरनिराळ्या वाणांत, ज्यांच्या मुळांतून ही गळती कमी होते ते वाण लवणांना अधिक तोंड देतात, असे आढळून आले आहे.

कॅल्शियमाचे कार्य : कॅल्शियम हे भित्ती व पटल यांना बांधून ठेवणारे मूलद्रव्य म्हणून प्रसिद्ध आहे, परंतु लवणतेच्या संदर्भात त्याचे दुसरे कार्य अधिक महत्त्वाचे ठरते. कोशिकेच्या बाहेरील पाण्यात ते पुरेसे असेल, तर सोडियमाला आत घेणारे बिनचोखंदळ मार्ग ते अंशतः बंद करते व पोटॅशियमाची गळती रोखते. पी. ए. लाहे व एप्स्टाइन यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात घेवड्याची रोपे लिटरला ५० मिलिमोल सोडियम क्लोराइड असलेल्या द्रावणात वाढविली. कॅल्शियम अत्यल्प असता रोपांना गंभीर इजा झाली. मिठाचे प्रमाण तेच ठेवून कॅल्शियम पुरेसे वाढविले असता सोडियम पानांपर्यंत फारसे पोहोचले नाही व रोपे निभावली. घेवडा हे लवणांना अत्यंत संवेदनशील पीक असल्याने या निष्कर्षाला विशेष वजन आहे. मातीत सोडियम किती आहे यापेक्षा कॅल्शियमाच्या तुलनेत ते किती आहे, हा प्रश्न मुळाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरतो.

कॅल्शियमाचे तिसरे कार्य संदेशवाहकाचे आहे. सोडियमाचा हल्ला होताच कोशिकाद्रव्यातील कॅल्शियमाची पातळी क्षणभर वाढते. ती वाढ एक प्रथिन ओळखते, ते दुसऱ्याला कार्यप्रवृत्त करते आणि हे दुसरे प्रथिन पटलावरील सोडियम बाहेर फेकणाऱ्या वाहकाला चालना देते. ही ‘एसओएस’ नावाची साखळी ॲराबिडॉप्सिस थॅलियाना या मोहरीच्या कुलातील लहान वनस्पतीत १९९६ नंतरच्या काही वर्षांत जियान-कांग झू व त्यांचे सहकारी यांच्या संशोधनातून उलगडली. हा वाहक हायड्रोजन आयन आत घेऊन त्याच्या बदल्यात सोडियम बाहेर टाकतो. त्यामुळे त्याचे काम अखेर श्वसनावर अवलंबून असते.

इतर पोषकद्रव्ये : क्लोराइड व नायट्रेट हे दोन्ही एकसंयुजी ऋणायन असल्याने त्यांच्यातही अशीच स्पर्धा चालते, क्लोराइड वाढले की नायट्रेटाचे शोषण घटते. खाऱ्या पाण्याच्या अडचणीमुळे महाराष्ट्रातील द्राक्षबागांत स्वमुळावरील वेलींऐवजी डॉगरिजसारख्या खुंटांवर कलमे करण्याची पद्धत रूढ झाली. फॉस्फेट, लोह, जस्त व मँगॅनीज यांची टंचाई मुख्यतः चोपण व चुनखडीयुक्त जमिनींत जाणवते, परंतु तिचे कारण मुळाच्या दारावरील स्पर्धा नसून उच्च पीएच मूल्याला या द्रव्यांचे विरघळणे घटते, हे होय. पानांच्या शिरांमधील भाग पिवळा पडणे हे त्याचे नेहमीचे लक्षण होय.

पाण्याच्या शोषणावरील परिणाम यांपेक्षा वेगळा व तत्काळ असतो. संवाहकता ४ असलेल्या मातीतील द्रावणाचा तर्षण दाब सु. ०.२ मेगापास्कल असतो [⟶ तर्षण]. तो वाढताच काही मिनिटांत मुळांची व नव्या पानांची वाढ मंदावते. सोडियमाच्या विषारीपणाची चिन्हे मात्र दिवसांनी किंवा आठवड्यांनी दिसतात आणि ती प्रथम जुन्या पानांच्या कडांवर उमटतात. कारण बाष्पोच्छ्वासाबरोबर वर चढलेले सोडियम तेथे सर्वांत दीर्घकाळ साठत असते. शेतात निदान करताना हा क्रम ध्यानात ठेवावा लागतो.

पूर्णा खोऱ्यातील स्थिती : तापीची उपनदी पूर्णा हिच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला सु. ४,७०० चौ. किमी. चा प्रदेश ‘खारपाणपट्टा’ या नावाने ओळखला जातो. नाव विहिरींच्या खाऱ्या पाण्यावरून पडले आहे आणि त्यामुळेच तेथील जमिनीविषयी गैरसमज झाला आहे. शेतात पांढरे मीठ फुललेले असेल या अपेक्षेने जाणाऱ्यास बहुतेक ठिकाणी नेहमीची खोल काळी जमीन दिसते. अनेक ठिकाणी अर्काची संवाहकता ४ च्या आतच भरते. कापसाची उत्पादनक्षमता संवाहकता ७.७ होईपर्यंत घटत नाही, असे मास व हॉफमन यांच्या १९७७ मधील प्रसिद्ध कोष्टकात नमूद आहे (तुलनेसाठी : गहू ६.०, भात ३.०, ऊस १.७, घेवडा १.०). केवळ या आकड्यांवर विसंबल्यास खारपाणपट्ट्यातील कापसाला काहीच अडचण नसावी. प्रत्यक्षात तशी स्थिती नाही.

नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेतील शास्त्रज्ञांनी या जमिनींचा बारकाईने अभ्यास केला. तेथील चिकणमाती स्मेक्टाइट प्रकारची, म्हणजे ओलीने फुगणारी व वाळल्यावर भेगाळणारी आहे. अशा मातीत विनिमयक्षम सोडियम १५ टक्के होण्याची वाट पाहावी लागत नाही. ते ५ टक्क्यांच्या पुढे गेले की पाणी मुरण्याचा वेग घटू लागतो, असे आढळले. १५ टक्के ही मर्यादा अन्य प्रकारच्या मातींच्या अनुभवावरून ठरलेली असून काळ्या जमिनीला ती जशीच्या तशी लावणे योग्य नाही, असे प्रस्तुत लेखकाचेही मत आहे.

हे सोडियम वाढते कसे, याचे उत्तर चुनखडीत आहे. अर्धशुष्क हवामानात मातीतील पाणी आटताना कॅल्शियम व बायकार्बोनेट यांचा संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेट साचते. त्याचेच खडे नांगराच्या तासात वर येतात. द्रावणातील कॅल्शियम याप्रमाणे निघून गेल्याने कणांवरील त्याच्या जागा सोडियम व मॅग्नेशियम घेतात. म्हणून चुनखडी वाढत जाणे हे येथे कॅल्शियमाच्या सुबत्तेचे नव्हे, तर त्याच्या ऱ्हासाचे लक्षण होय. शुद्ध पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट लिटरला सु. १४ मिग्रॅ. इतकेच विरघळते, जिप्सम (सजल कॅल्शियम सल्फेट) सु. २.४ ग्रॅ. विरघळते. खाणीतील चुनखडकाचा चुरा अशा शेतात टाकला तर का चालणार नाही, असे अनेकदा विचारले जाते. त्याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

सोडियमयुक्त चिकणमाती पावसाच्या पाण्यात विखुरते व तिचे कण सूक्ष्म छिद्रे बुजवितात. वर पाणी साचते, खाली माती कोरडी राहते आणि मुळांना ऑक्सिजन मिळेनासा होतो. श्वसन मंदावले की हायड्रोजन आयन बाहेर टाकणारी यंत्रणा थंडावते व तिच्यावर अवलंबून असलेला सोडियमाचा निचराही थांबतो. लवणयुक्त व पाणथळ अशा दुहेरी स्थितीत पानांत साठणारे सोडियम कित्येक पटींनी वाढते, ते यामुळेच. अशा पिकाला पालाशयुक्त खते देऊन पोटॅशियमाची तूट भरून निघत नाही. दोष पुरवठ्यात नसून मुळाच्या दारात व त्या दाराला लागणाऱ्या ऊर्जेत असतो.

सुधारणा : चोपण जमिनीत प्रथम जिप्सम व नंतर पाणी असा क्रम अटळ आहे. जिप्सममधील कॅल्शियम कणांवरील सोडियमाला हुसकावते व तयार झालेले सोडियम सल्फेट निचऱ्याबरोबर खाली जाते. दर १०० ग्रॅ. मातीमागे १ मिलितुल्यांक सोडियम हटविण्यासाठी १५ सेंमी. खोलीपर्यंत हेक्टरी सु. १.७ टन शुद्ध जिप्सम लागते. प्रत्यक्ष मात्रा माती-परीक्षणावरून ठरवितात. क्रम उलटा झाला व विपुल गोडे पाणी आधी दिले, तर विरघळलेली लवणे धुऊन जातात, कणांवरील सोडियम तसेच राहते आणि माती अधिकच विखुरते. पावसाचे पाणी याच प्रकारचे असल्याने जिप्सम पावसाळ्यापूर्वी मातीत मिसळणे इष्ट असते. धैंचासारख्या हिरवळीच्या खतांच्या मुळांतून व कुजण्यातून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड मातीतील चुनखडी थोडीथोडी विरघळवितो. हा मार्ग मंद, पण स्वस्त आहे. निचऱ्याची सोय नसेल, तर यांपैकी कोणताही उपाय टिकत नाही.

कालव्याखालील जमिनींचा प्रश्न निराळा आहे. नीरा डाव्या कालव्यातून १८८५ मध्ये पाणी सुरू झाल्यावर उसाची लागवड वाढली, भूजलाची पातळी वर आली आणि बाष्पीभवनाने लवणे पृष्ठभागी साचू लागली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी व्ही. ए. ताम्हाणे यांच्या समवेत १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींवरील अहवाल प्रसिद्ध केला, तोवर हे नुकसान उघड झाले होते. पुढे सांगली-कोल्हापूरकडील कृष्णाकाठीही तेच घडले व तेथे जमिनीखाली सच्छिद्र नळ घालून निचरा करण्यात येत आहे.

कोकणात व गोव्यात खाडीकाठच्या खार व खाजण जमिनींवर समुद्राच्या पाण्याचा थेट परिणाम होतो. तेथील शेतकरी बांध घालून भरतीचे पाणी अडवितात, पहिल्या जोरदार पावसांनी शेत धुऊ देतात आणि मगच भाताची लावणी करतात. गोव्यातील कोरगुट हा त्यासाठीचा पारंपरिक भात आहे. त्याच खाडीतील तिवर मुळांपाशीच बहुतांश मीठ गाळून टाकते व उरलेले पानांवरील ग्रंथींतून बाहेर सोडते. पिकांत असे दुहेरी सामर्थ्य नसले, तरी काही वाण सोडियमाला प्रकाष्ठात शिरल्यावरही परत खेचून घेतात. नोना बोक्रा या भाताच्या वाणातील अशा वाहकाचे जनुक २००५ मध्ये ओळखण्यात आले. ट्रिटिकम मोनोकॉकम या गव्हाच्या प्राचीन जातीतील त्याच कुलातील जनुक डुरम गव्हात संकराने आणले असता खाऱ्या शेतात उत्पादन २५ टक्क्यांपर्यंत वाढल्याचे ऑस्ट्रेलियातील राना मन्स व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये नोंदविले. चोपण जमिनीत मात्र मुळाला हवाच मिळत नसल्यास असे जनुकही फारसे उपयोगी पडत नाही, कारण परत खेचण्याच्या व बाहेर टाकण्याच्या या क्रियांना श्वसनाचीच ऊर्जा लागते. खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी निरुपयोगी असल्याने शेततळ्यांत पावसाचे पाणी साठवून कापूस, तूर व हरभरा यांना एखाद-दुसरे संरक्षक पाणी देतात. ते पाणी गोडे असल्यामुळे त्यानेही माती विखुरण्याची भीती असते. म्हणून ते देण्यापूर्वी शेतात जिप्सम घातलेले असावे लागते.